तयार चित्रं चालणार नाहीत

आमच्या थोरल्या वहिनींपेक्षा हट्टी माणूस हिंगोली जिल्ह्यात असेल, तर त्याला मी स्वतः स्कूटरवर बसवून वहिनींकडे नेईन आणि हरलेला परत आणेन. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा मल्टिमीडियाचा वर्ग आहे. कोर्स चालवणाऱ्या संस्थेनं संगणकांत हजारभर तयार चित्रं भरून दिली होती. कमळं, मोर, उगवते सूर्य, आणि वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंच्या मागे उभा राहतो तो वाघ. वहिनींनी पहिल्याच दिवशी ती सगळी पुसून टाकली. मी म्हटलं, अहो, निदान वाघ तरी ठेवा, गावात त्याला मागणी आहे. त्या म्हणाल्या, "भावजी, ज्यानं वाघ पाह्यला न्हाई त्यानं मांजर काढावं. पण सोताचं काढावं."

तेव्हापासून पोरींचे पाय वर्गात कमी आणि गावात जास्त. पिवळा रंग हवा असला की आधी मोंढ्यात जाऊन हळदीचे ढीग बघून यायचं, मगच संगणकाला हात लावायचा. पाण्याचा आवाज हवा म्हणून वहिनी माझ्याच स्कूटरवरून सिद्धेश्वरच्या धरणावर गेल्या, वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून माइकला माझाच लोकरी पायमोजा चढवला, आणि वर मला दोन तास खोकू दिलं नाही. तो पायमोजा अजून त्यांच्याकडेच आहे. मागायची माझी छाती होत नाही.

आणि मग परीक्षा आली. पोरी नापास झाल्या तर वर्गाची मान्यता जाईल, असं संस्थेचं पत्रच आलं होतं. आठ पोरींनी मिळून दोन मिनिटांची फिल्म केली होती. वाळलेली हळद घासून चकचकीत करणारा लोखंडी ढोल आणि त्याच्यावर काम करणारी, त्यांच्यातल्याच एकीची आई, एवढंच त्यात होतं. नियमात मात्र पार्श्वसंगीत सक्तीचं. आदल्या दिवशी वहिनी घाबरल्या. हो, आमच्या वहिनी! पोरींना म्हणाल्या, टाका बाई संगीत, वर्ग वाचू द्या. ते ऐकून मी चहा न घेताच उठलो.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी फिल्म पाहिली, तर नुसती घरघर. माणूस सज्जन होता. म्हणाला, आत्ता इथेच संगीत टाका, पास करतो. वहिनी पुढं सरकल्या, तेवढ्यात ती हळदवालीची पोरगी उभी राहिली.

"सर, काल मॅडमनं सांगितलं तवा टाकलं व्हतं. पण मंग मायचा आवाजच येईना. म्हणून काढलं."

काय म्हणते तुझी आई, असं त्यांनी विचारलं.

"मी शूटिंग करून राहिले, अन् ती इचारून राहिली, भाकर खाल्ली का."

परीक्षकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हात मागे घेतले. म्हणाल्या, "न्हाई टाकणार. पोरीचं बराबर हाय. माझंच चुकलं."

माझंच चुकलं, हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो, आणि ऐकले ते असे.

मान्यता गेली. दोन पोरींचे वडील येऊन भांडून गेले, आणि त्यांचंही काही खोटं नव्हतं. पाटीवरचा 'मान्यताप्राप्त' हा शब्द वहिनींनी स्वतः शिडीवर चढून खरवडला. शिडी मी धरली होती आणि खालून बडबडत होतो, की एवढ्याशा संगीतानं कुठलं आभाळ कोसळणार होतं? आता मी तसं म्हणत नाही.

ती पोरगी पुढं शिकायला नांदेडला गेली. वर्गात आता तिघीच येतात. तयार चित्रं अजूनही नाहीत. परवा दुपारी गेलो तर खोलीत कुणीच नव्हतं. वहिनी एकट्या पडद्यासमोर बसल्या होत्या आणि ढोल फिरत होता. मी दारातच थांबलो. त्या घरघरीतून बाईनं विचारलं, भाकर खाल्ली का. आणि वहिनी, पाठमोऱ्याच, हळूच म्हणाल्या, "व्हय."