कांड्यांचा क्रम

माझे यजमान भूवैज्ञानिक होते. कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीत खोल साठवता येईल का, आपला काळा कातळ तो धरून ठेवील का, हे तपासण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि खोडाळ्याजवळच्या माळावर बोअर सुरू झाली. मी तेव्हा जव्हारला शाळेत शिकवत होते.

यंत्रातून मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या निघत. निघाल्या त्याच क्रमानं त्या लाकडी पेटीत मांडायच्या, मग प्रत्येकीवर ती किती खोलवरची ते लिहायचं. त्यांच्या हाताखाली पोशेऱ्याचा एक मजूर होता. तो म्हणायचा, "सायेब, दगडालापन नंबर दिला तुमी. आमच्या रेशनकार्डाचा नंबर आजून लागला नाय."

"दगड अर्ज करत नाही ना, म्हणून त्याचं काम लवकर होतं," हे हसून म्हणत.

पावसात खोडाळ्याची भाड्याची खोली गळू लागली, तेव्हा पेट्या आमच्या पुढच्या खोलीत आल्या. संध्याकाळी हे कांडी ओली करून भिंगातून मलाही दाखवत. लाव्हा थिजताना अडकलेल्या बुडबुड्यांची छिद्रं दिसत. वायू राहील तो तिथं. पण त्यावर अखंड, घट्ट कातळ हवा. छिद्रांचा थर आणि घट्ट कातळ जिथं भेटतात, तो सांधा शेवटच्या पेटीत होता. तिच्यातल्या कांड्यांवर आकडे घालायचे राहिले होते.

श्रावणातल्या एका सकाळी ते अंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि गेले.

त्यांना ठेवायला जागा हवी होती. शेजाऱ्यांनी पुढची खोली रिकामी केली. शेवटची पेटी उचलेना, म्हणून त्यांनी दगड पोत्यात ओतले, पेटी पडवीत नेली आणि दगड पुन्हा भरले. अगदी नीट, एकही खण रिकामा न ठेवता. मी समोरच बसले होते. मला दिसत होतं. मी थांबवलं नाही.

तेराव्यानंतर मजूर भेटायला आला. पेटी पाहताच एकेक कांडी बाहेर काढून टोकं पाहू लागला. मग आठवडाभर, शाळा सुटल्यावर, आम्ही दोघं कांड्या जुळवत होतो. एकीचं मोडलेलं टोक दुसरीत बसलं की तो म्हणायचा, "हां, हे नवराबायको." मग माझ्याकडे पाहून पुढची कांडी उचलायचा.

तीन कांड्या उरल्या. यंत्रात घासून त्यांची टोकं गुळगुळीत झाली होती. त्या कुठंही बसत होत्या. आणि छिद्रांवरून दिसत होतं, त्या होत्या नेमक्या सांध्याजवळच्या. बऱ्या दिसतील तिथं आम्ही त्या ठेवल्या.

महिन्याभरानं यांचे एक सहकारी पेट्या न्यायला आले. मजूर दारात उभा होता. चहा पिता पिता ते म्हणाले, "वहिनी, पेट्यांना कुणी हात नाही ना लावला? तेवढं लिहून घेतो. ही बोअर अहवालात त्याच्या नावानं घ्यायची आहे."

"नाय लावला, सायेब," मजूरच म्हणाला.

"शेवटची पेटी ओतली होती," मी म्हटलं. "आम्ही पुन्हा लावली. तीन कांड्यांची जागा माहीत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून त्या तीन कांड्या पाहून आले.

"सांध्याजवळच्याच आहेत. मग नाही घेता येणार, वहिनी."

जीप गेल्यावर मजूर ओट्यावर बसून राहिला. "सांगितलं कशाला बाई? तीनच तं होत्या."

मी कपबशा गोळा केल्या.

"सायेबांचं नाव गेलं ना."

पुढच्या वर्षी अहवाल छापून आला. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. खोडाळा त्यात कुठंच नाही.