मामासाठी सोडलेला धागा

तांडापेठेतल्या बालवाडीत मैनाबाई नावालाच मदतनीस होती. झाडझूड करायची, पोट्ट्यांची नाकं पुसायची, दुपारी सुकडीचा खाऊ वाटायची, हे झालं कागदावरचं काम. तिचं खरं काम गोष्टी सांगायचं, आणि त्यात तिचा हात धरणारं अख्ख्या मोहल्ल्यात कोणी नव्हतं. गोष्टी तरी कसल्या! कुठं राक्षसीण माणसं गिळते, कुठं सावत्र माय पोरीला कोठीत कोंडून उपाशी मारते. मोठ्या माणसाच्या अंगावर काटा यायचा, आणि ही बया सुपारी कातरत निवांत सांगत बसायची.

तिचे दोन नियम होते. पहिला हुंकाराचा. "हूं म्हणा रे पोट्टेहो, नाहीतर गोष्ट इथंच मरते," असं बजावायची, आणि पोरं गप्प झाली की खरंच थांबायची. दुसरा नियम मामाचा. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं मोहल्ल्यातल्या विणकरांच्या घरांत सगळेच मानायचे. आणि बालवाडी भरायची सकाळी दहाला! मग मैनाबाईनं आपलाच तोडगा काढला. नवरा गेल्यापासून त्याचा माग बंद होता, पण सुतानं भरलेल्या कांड्या घरात पडून होत्या. त्यातली एक ती रोज आणायची, धाग्याचं टोक दाराच्या कडीला बांधायची आणि हातभर धागा रस्त्याकडे सोडायची. मामा चुकलाच तर धागा धरून येईल. धागा सोडायचा मान रोज एका पोराला मिळायचा, आणि त्यावरून ज्या मारामाऱ्या व्हायच्या त्या विचारूच नका.

त्र्याहत्तर साली तिथं चारुलताबाई आल्या. महिला मंडळानं शिक्षिका म्हणून नेमलेल्या, शिकलेल्या, सुखवस्तू धरमपेठेतून सायकलरिक्षानं यायच्या. बाई वाईट मुळीच नव्हत्या. पोरांना साबणानं हात धुवायला त्यांनीच शिकवलं. पण पहिल्या आठवड्यातच त्यांनी मैनाबाईची गोष्ट ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मैनाबाई, अहो हे काय सांगता? आजकालच्या मुलांना असलं भयंकर काही नको. गोष्ट कशी गोड हवी. तुम्हाला नाही जमलं तर गोष्टी बंद करू आपण."

गोष्टी बंद म्हणजे मैनाबाईचा जीवच गेला असता. तिनं मान डोलावली आणि घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट होती विहिरीतल्या राक्षसिणीची. एका पोरीची कांडी विहिरीत पडते. ती काढायला माय खाली उतरते, तर राक्षसीण तिला गिळून टाकते. पोरगी धागा धरून विहिरीत जाते, राक्षसिणीचं पोट फाडते, पण आत माय नसते. असतात फक्त मायची काकणं. ती हातात घालून पोरगी धाग्यानं वर येते, एकटीच.

आता ही गोष्ट गोड करायची कशी? मैनाबाईनं केली. राक्षसिणीला तिनं झुणका-भाकर खाऊ घातली. माय काही विहिरीत गेली नाही, ती गेली इतवारीच्या बाजारात बांगड्या भरायला, आणि संध्याकाळी हसत परत आली. पोट्टे हूं म्हणायचे, पण जांभया देत. मैनाबाईला आपलीच लाज वाटायची.

एकटी कौसल्या जांभई देत नव्हती. ही विणकर रुपरावची लेक, पाच-सहा वर्षांची. तिची माय पोळ्याच्या आधी काविळीनं गेली होती. पोरीला काय सांगावं हे रुपरावला उमजलं नाही, म्हणून घरात सगळे म्हणाले, माय गावाले गेली. तेव्हापासून ती गोष्टीत हूं म्हणेना की कोणाशी बोलेना. आणि गोड गोष्ट संपली त्या दिवशी तिनं एकदम विचारलं, "आली ना माय इतवारीतून?"

"आली ना वं! हातभर बांगड्या घालून आली."

पोरगी बोलली! मैनाबाईला केवढा आनंद झाला. मग काय, कौसल्येसाठी तीच गोष्ट रोज. कौसल्या आता रोज धागा सोडायचा हट्ट धरू लागली. बापाच्या मागावरच्या कांड्याही खिशात घालून आणू लागली. खेळत असेल पोरगी, असं मैनाबाईला वाटलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी पोरं गोष्टीला बसली, आणि कौसल्या जागेवर नव्हती. कडीला बांधलेला धागा मात्र ताणलेला होता. मैनाबाई बाहेर आली. धागा फाटकातून निघून नळाच्या ओट्याला वळसा घालून गल्लीत शिरला होता. एक कांडी संपली तिथं गाठ, पुन्हा पुढं धागा. बापा रे! मैनाबाई लुगडं सावरत त्या धाग्यामागं पळत सुटली.

धागा संपला तो मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी. समोरून ट्रक जात होते, टांगे जात होते, आणि अगदी कडेला कौसल्या उभी होती.

"कौसल्ये! इथं काय करून राहिली वं?"

"माय येऊन राहिली ना इतवारीतून. तिले वाट सापडली पायजे." तिनं रिकामी कांडी पुढं केली. "धागा पुरला नाही. अजून देतं का?"

कोणत्याच राक्षसिणीनं केलं नव्हतं ते आपल्या गोड जिभेनं केलं, हे मैनाबाईला लख्ख कळलं. रागही आला, चारुलताबाईंचा कमी आणि स्वतःचा जास्त. एका बंद दुकानाच्या पायरीवर तिनं पोरीला जवळ घेतलं.

"मी तुले खोटी गोष्ट सांगतली बाई. आता खरी सांगन. हूं म्हणशीन?"

आणि सांगितली. कांडी पडली, हूं. माय उतरली, हूं. राक्षसिणीनं गिळली, हूं. पोट फाडलं, हूं.

"आत माय नव्हती वं. माय मेली होती. लेकीनं लय हाका मारल्या, पण मेलेलं माणूस येत नाही. तुही माय बी येणार नाही."

कौसल्या हूं म्हणाली नाही. आपल्याच नियमानं मैनाबाई थांबली. एक टांगा गेला, मग एक ट्रक गेला. पोरीची मूठ रिकाम्या कांडीवर आवळलेली होती. मग तिनं तोंड उघडलं आणि माय गेल्यापासून अडकलेलं सगळं रडणं एकदम बाहेर आलं. पानठेलेवालासुद्धा उठून बघू लागला. त्या रडण्यातच केव्हातरी ती हूं म्हणाली.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि वाकून धाग्याचं टोक उचललं. "बाबाचं सूत आहे," म्हणाली. मग दोघी धागा गुंडाळत गुंडाळत परत आल्या.

फाटकात चारुलताबाई रडवेल्या होऊन उभ्या होत्या. मैनाबाईनं काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "आता काढा मले कामावरून. पण मेलेल्या मायले बाजारातून परत आणणं माह्याच्यानं होणार नाही."

चारुलताबाईंनी आपल्या पदरानं कौसल्येचं तोंड पुसलं. "उद्या खरी गोष्ट सांगा," त्या म्हणाल्या. "मीही बसते."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच पोरांत मांडी घालून बसल्या, आणि राक्षसीण गोष्टीत यायच्या आधीच घाबरून हूं म्हणाल्या. पोट्टे खदाखदा हसले.

पण त्याआधी धागा सोडायचा होता, आणि मान कौसल्येचा होता. मैनाबाईनं सुतानं भरलेली अख्खी कांडी मुद्दाम तिच्या हातात दिली. पोरीनं कडीला गाठ मारली, हातभर धागा रस्त्याकडे सोडला आणि दातानं तोडला. कांडी तिनं परत दिली.

"बस, एवढाच?" मैनाबाईनं विचारलं.

"मामाले एवढा पुरते," कौसल्या म्हणाली, आणि गोष्ट ऐकायला जाऊन बसली.