नरहरीकाकांचा विकत घेतलेला सिनेमा

नरहरी चुरी चिंचणीला आमच्या शेजारच्या वाडीत राहतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, तीही सगळी इन्स्ट्रुमेंट खात्यात. कुठल्या टाकीवरचा काटा अडकला, कुठल्या नळीतला दाब चुकीचा दिसायला लागला की "चुरीला बोलवा" असा पुकारा व्हायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी गावातला पंप, मिक्सर, शिलाई मशीन काहीही बिघडलं की ते आधी काकांच्या ओट्यावर येतं. त्यांचा एक ठाम विश्वास होता. "भाविका," ते मला म्हणायचे, "मशीन कधी खोटं बोलत नाय. कुठं दुखतंय ते दाखवतं. आपल्याला बघता यायला पाहिजे."

हा विश्वास गेल्या वर्षी एका सिनेमानं पार हलवून सोडला.

सिनेमाचं नाव 'बिनपावतीचा जावई'. जुना, काळापांढरा, विनोदी. काका आणि माई लग्नानंतर महिन्याभरानं बोईसरला तंबूतल्या टॉकीजमध्ये तो बघायला गेले होते. माई म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलगा केदार त्यांना माई म्हणतो, म्हणून सगळं गावच म्हणतं, आणि काकाही. त्या दिवशी माई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली आणि शेजारच्या बाईनं आपल्या पिशवीतला पाण्याचा तांब्या पुढे केला. सासरी आल्यापासून महिनाभर मान खाली घालून वावरणारी आपली बायको एवढ्या मोठ्यानं हसू शकते, हे काकांना त्या तंबूत कळलं. तेव्हापासून तो सिनेमा घरात असलाच पाहिजे, असं त्यांनी मनात धरलं.

आधी व्हिडिओ कॅसेट आणली. तिला दोन पावसाळ्यांत बुरशी आली. मग दोन चकत्यांची सीडी आली. तिच्यातली पहिली चकती केदारनं लहानपणी चाक म्हणून खेळण्यातल्या गाडीला लावली, त्यामुळे त्यांच्या घरी सहा वर्षं हा सिनेमा मध्यंतरानंतरच सुरू व्हायचा. नंतर आलेली डीव्हीडी चांगली टिकली. पण प्लेअर मेला आणि त्याचा आतला भाग बोईसर, पालघर, कुठंच मिळेना. काकांनी प्लेअर चार वेळा उघडून बंद केला आणि शेवटी हात टेकले.

केदार मस्कतला नोकरी करतो. त्यानं वडिलांच्या वाढदिवसाला हा सिनेमा एका ॲपवर विकत घेऊन दिला. भाड्यानं नाही, विकत, कायमचा. फोनवर त्यानं सांगितलं, "बाबा, आता बुरशी नाही, ओरखडे नाहीत. जन्मभर तुमचाच."

काकांनी फोनवर ॲप उघडलं. सिनेमाचं चित्र दिसलं, खाली त्यांचं नाव दिसलं. बटण दाबलं तर वाक्य आलं, 'हा चित्रपट तुमच्या भागात उपलब्ध नाही.'

"माझ्या भागात?" काका मला दाखवायला आले. "अगं, पिक्चरमधलं गाव आपल्यासारखं, माणसं आपल्यासारखी, भाषा आपली. मस्कतला दिसतो आणि चिंचणीला दिसत नाय?"

केदारनं तिकडच्या खात्यातून घेतला होता, म्हणून तसं झालं. त्यानं तो पुन्हा इकडच्या खात्यात घेतला. आता फोनवर दिसायला लागला, पण फोन वीतभर. माईंना चष्मा लावूनही त्यात माणसं मुंगीएवढी दिसायची. टीव्हीवर लावावा म्हटलं तर त्यांच्या टीव्हीत ते ॲप घेताच येत नव्हतं. टीव्ही सात वर्षांचा होता आणि ॲपच्या हिशेबानं तो म्हातारा झाला होता. काकांनी टीव्हीमागे लावायची एक काडी, स्टिक म्हणतात ती, आणली. काडीत ॲप आलं, पण ते म्हणालं, नवा पासवर्ड टाका. नव्या पासवर्डसाठी जो आकडा यायचा तो केदारच्या जुन्या नंबरवर जायचा, आणि तो नंबर त्यानं मस्कतला जाताना बंद केला होता. ग्राहक सेवेला फोन लावला तर मशीन बोललं. मशीननं अकरा पर्याय ऐकवले आणि शेवटी फोन ठेवून दिला.

एकदा तर पडद्यावर नुसतंच आलं, 'काहीतरी चुकलं आहे.' काकांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"काय चुकलंय ते सांगत नाय," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. खरंच वाईट वाटलं होतं. "असलं मशीन मी जन्मात बघितलं नाय."

बोईसर स्टेशनाजवळ मेहुलचं मोबाईलचं दुकान आहे. काका त्याच्याकडे गेले, मी सोबत होते. मेहुलनं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "काका, कशाला एवढी माथाफोडी? पेनड्राइव्ह द्या. दोन मिनिटांत टाकून देतो. कुठल्याही टीव्हीवर चालेल."

"कुठून टाकणार?"

"आता ते नका विचारू."

काकांनी खिशातून बाहेर काढलेला पेनड्राइव्ह परत खिशात ठेवला. "अरे, माझ्या पोरानं दोनदा विकत घेतलाय तो. मी माझीच वस्तू चोरून बघू?"

मेहुल माझ्याकडे बघायला लागला. चोरीचा कुठंही चालत होता आणि विकतचा कुठंच चालत नव्हता. पण काका ऐकणारे नव्हते. आम्ही चहा घेऊन परत आलो.

खरी धांदल डिसेंबरमध्ये उडाली. इन्स्ट्रुमेंट खात्यातले जुने सहकारी दर वर्षी हिवाळ्यात एकाकडे जमतात. या वेळी पाळी काकांची होती, आणि त्यांनी उत्साहाच्या भरात सगळ्यांना कळवून टाकलं होतं, जेवण माईच्या हातचं आणि जेवणावर पिक्चर.

मी शिकवते त्या शाळेत एक जुना प्रोजेक्टर पडून होता. मुख्याध्यापकांना विचारून मी तो आणला. काडीत नसलेली एक सोय लॅपटॉपवर होती, काकांच्या फोनवरून परवानगी दिली की पासवर्डशिवाय ॲप उघडायचं, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर ते चालत होतं. जाड केबल जोडली, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि आदल्या दिवशी आम्ही ॲपवरची सिनेमाची छोटी जाहिरात लावून पाहिली. भिंतभर झकास चित्र! काकांनी माईंना स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "बघ, बघ! एवढा मोठा तर तंबूतसुद्धा नव्हता."

रविवारी दुपारी सात जण आले. धर्मेश आणि देवू पालघरहून एकाच गाडीनं आले. सगळ्यात शेवटी मोनाली आपल्या वडिलांना, नवशा वरठांना, स्कूटरवरून घेऊन आली. नवशाकाका मूळचे मनोरकडच्या पाड्यातले, आता मुलीकडे सालवडला असतात. खात्यात पंचवीस वर्षं ते काकांच्या जोडीनं काम करायचे. काचबिंदूनं चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. मोनालीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि हळूच काकांना म्हणाली, "पिक्चर हाय म्हटल्यावर मी नको म्हणत होते. पण बाबा म्हणाले, बसेन गप्प, माणसं तरी भेटतील."

जेवणं झाली. बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या खाऊन मंडळी जड झाली होती. खिडक्यांवर ताडपत्री बांधली. मी बटण दाबलं.

संगीत सुरू झालं. चादर काळी. आम्हाला वाटलं, सुरुवात अशीच असेल. मग दार वाजल्याचा आवाज आला, कोणीतरी "कोण आहे?" म्हणालं, आणि चादर तशीच काळी. केबल काढली की लॅपटॉपवर चित्र दिसायचं, जोडली की लॅपटॉपवरही काळोख. आवाज मात्र खणखणीत. जाहिरात पुन्हा लावली तर ती दिसली. सिनेमा लावला की काळोख.

काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी केबल उलटी जोडली, प्रोजेक्टरवर थाप मारली. अर्ध्या आयुष्याची सगळी माणसं समोर बसलेली आणि चुरी मेकॅनिकच्या हातात मशीन बंद. देवू म्हणाला, "राहू दे चुरी, आपण गप्पा मारू." त्याचा आवाज समजुतीचा होता, आणि तेच काकांना फार लागलं असावं. ते मान खाली घालून बसले.

सिनेमाचा आवाज चालूच होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून माई म्हणाल्या, "आता तो जावई ट्रंक घेऊन चुकीच्या घरात शिरलाय."

सगळे वळले. माई हात पुसत पुढे आल्या. "पत्त्याचा कागद भिजलाय ना, म्हणून. आणि ट्रंकेचं कुलूप तुटलंय, ती सुतळीनं बांधलेली आहे. सासरा वर्तमानपत्रात तोंड घालून बसलाय, त्यानं अजून बघितलं नाही. आता बघेल बघा."

सासऱ्याची किंकाळी ऐकू आली आणि सगळ्यात आधी नवशाकाका हसले.

मग कुणी मला सिनेमा बंद करू दिला नाही. माई नवशाकाकांच्या शेजारच्या पाटावर बसल्या आणि सांगत गेल्या. कोण दारामागं लपलंय, कोणाच्या मिशीला चुना लागलाय, हौदात पडायच्या आधी सासऱ्याची एक चप्पल कशी उडते. इतक्या वेळा पाहिलेला सिनेमा त्यांना श्वासासकट पाठ होता. संवाद आला की त्या थांबायच्या, संपला की पुढचं धरायच्या.

"माई," नवशाकाका मध्येच म्हणाले, "जावयाचा सदरा कुठल्या रंगाचा हाय?"

"निळा."

"अहो, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे!" धर्मेश ओरडला.

"असेना. सदरा निळाच आहे."

"निळाच असणार," नवशाकाका म्हणाले, आणि त्या विषयावर पाच मिनिटं भांडण झालं. त्या भांडणात नायकाचं एक गाणं ऐकायचं राहून गेलं, म्हणून ते मागं नेऊन पुन्हा लावावं लागलं.

सिनेमात एक खाष्ट आत्या आहे. ती नायिकेला भरल्या घरात टाकून बोलते आणि निघून जाते. नंतर बराच वेळ नुसती सतार वाजते. माई तिथं थोड्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "आता ती पोरगी फडताळातून आत्याची मिश्रीची डबी काढते. मागल्या दारानं बाहेर जाते. इकडं तिकडं बघते. आणि डबी देते विहिरीत टाकून."

असा हशा उसळला की वाडीतली कुत्री भुंकायला लागली. नवशाकाकांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास पोरी!"

काका मात्र माईंकडे बघत होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "माई, पिक्चरात डबी कुठं हाय? ती पोरगी तर चुलीजवळ बसून रडते."

"ठाऊक आहे मला," माई भांडी आवरत म्हणाल्या. "पण दर वेळी मला वाटत आलंय, तिनं ती डबी विहिरीत टाकायला हवी होती. आज कोण बघत होतं?"

काका आधी हसले. मग माईंच्या हातातून त्यांनी पातेलं घेतलं आणि ते स्वतः घासलं. हे मला माईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या लाजल्या.

काळोखाचं कारण महिन्याभरानं कळलं. ग्राहक सेवेत शेवटी एक खरा माणूस फोनवर भेटला. तो म्हणाला, "सर, कॉपी होऊ नये म्हणून ॲप आधी समोरचं यंत्र तपासतं. तुमचा प्रोजेक्टर जुना आहे, त्याला ते उत्तर देता येत नाही. म्हणून चित्र जात नाही."

"म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं?"

"नाही सर. सगळं व्यवस्थित चालू होतं."

काकांना एवढं पुरलं. बिघाड नव्हता, म्हणजे आपण दुरुस्त करू शकलो नाही हा कमीपणाही नव्हता. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

मे महिन्यात केदार रजेवर आला आणि त्यानं नवा टीव्ही आणला. ॲप उघडलं, आकडा या वेळी केदारच्या चालू नंबरवर आला, सिनेमा लागला, तोही चित्रासकट. काकांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. आत्याचा प्रसंग आला तेव्हा पडद्यावरची पोरगी चुलीजवळ बसून रडत होती, सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं.

"ए, डबी कुठं गेली?" देवू म्हणाला.

"विहिरीत," माई म्हणाल्या. नवशाकाका हसले, आणि कुणी त्यांना काही वेगळं सांगितलं नाही.

जाताना मोनालीनं विचारलं, "माई, बाबांना अजून एक पिक्चर पायजे. विमानाचा. तुमी बघितलाय का?"

माईंनी तो बघितला नव्हता. गेल्या आठवड्यापासून दुपारी त्यांच्या घराचं दार लोटलेलं असतं. त्या टीव्हीसमोर वही घेऊन बसतात, विमानाचा तो सिनेमा थांबवून थांबवून बघतात आणि काय दिसतं ते लिहून घेतात. काकांना आत जायची परवानगी आहे, पण बोलायची नाही. रिमोट मात्र काकांच्याच हातात असतो. माई बोट वर करतात आणि काका सिनेमा थांबवतात.