जाकीटमामा

धरणाच्या बॅकवॉटरला बोटिंग सुरू झालं, तसं कोल्हापूरकरांना रविवारी मिसळ जिरवायला आणखी एक ठिकाण मिळालं. तिथल्या धक्क्यावर केरबा बोट चालवायचा. माणूस गरीब, पण अंगात लाइफ जाकीट नसलेल्या कुणाला बोटीतनं न्यायचा नाही, मग तो आमदाराचा मेव्हणा का असेना. म्हणून नाव पडलं जाकीटमामा.

पूर्वी हाच केरबा गावातल्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचा. आधी पाठीला पांगिऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा, आणि पोरगं जरा तरंगायला लागलं की बिंडा सोडून थेट काठावरनं ढकलायचं. पुन्हा कुणी बिंडा मागितला तर म्हणायचा, "बांगड्या भर की मर्दा!" सगळ्यात चपळ चेला त्याचाच मुलगा, ज्ञानू. बोटिंग सुरू झालं तेव्हा आधी ज्ञानूच ही बोट चालवायचा. एका रविवारी वाऱ्यानं ती कलंडली. पावण्यांच्या अंगात जाकिटं होती, ते वाचले. ज्ञानूनं घातलंच नव्हतं. केरबाचं पोरगं होतं ना.

परवा नृसिंह नावाचा एक पावणा मित्रांना घेऊन आला. सगळे कडक इस्त्रीत, येऊन थेट बोटीत बसले.

"मामा, आमी रंकाळ्यात पवून मोठी झाल्याली माणसं. ह्यो घामट डगला घालून फोटो काढायचा व्हय?"

"घाला, न्हायतर उतरा."

"तुमास्नीच पवाय येत न्हाय वाटतं!"

सगळे खिदळले. केरबानं इंजिन बंद केलं.

ठेकेदार दत्तप्रसाद तरातरा खाली आला. आणखी एक गिऱ्हाईक परत गेलं तर घरी बसायचं, असं त्यानं आधीच बजावलं होतं.

"केरबा, तुझं दुःख कळतंय मला. पण ह्यो धंदा हाय. सोड की बोट."

"जाकिटाबिगर न्हाय."

"मग किल्ली दे."

केरबानं दिली. दत्तप्रसाद स्वतःच बोट घेऊन गेला.

नोकरी गेली होती, घरी जायला हरकत नव्हती. पण केरबानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उन्हात पायरीवर बसला. बोट वळणामागं गेली तेव्हा उभा राहिला. दिसली तेव्हा बसला.

सगळे सुखरूप परतले. नृसिंह उतरता उतरता म्हणाला, "बगा मामा, काय झालं का? उगंच भ्या घालतायसा!"

"न्हाय झालं," केरबा म्हणाला.

तो चपला घालणार, एवढ्यात दत्तप्रसादनं पुढच्या घोळक्याला हाक मारली. ते चढले तसेच, मोकळ्या अंगानं, हातात कुरकुऱ्यांच्या पुड्या घेऊन.

केरबा पुन्हा पायरीवर बसला.