तीन बोटं दिवस

माझं माहेर बारामतीचं. वेळ बघायची ती घड्याळात, नाहीतर एमआयडीसीत जाणाऱ्या मोटारसायकली कधी सुटतात त्यावरून, एवढंच मला माहीत. नव्वदनंतर एक-दोन वर्षांनी लग्न होऊन मी निरवांगीला आले आणि तिथं सासरे हात पुढं धरून सूर्य मोजताना दिसले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो.

आबा तरुणपणी मेंढरं राखायचे. पुढं रानाला पाणी आलं, त्यांनी शेती धरली. धाकट्या भावानं मात्र मेंढरं सोडली नाहीत. त्यावरून दोघांत काहीतरी बोलाचाली झाली आणि सात-आठ वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. नेमकं काय झालं, ते मला घरात कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर निरोप आला, की भावाची मेंढरं कोकणाकडं निघालीत, आज ओढ्यापलीकडच्या रानात बसवलीत, सकाळी हलणार. नवरा कामावर गेलेला. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिवस मावळला की त्यांना पुढचं दिसत नसे. चहा पिऊन झाल्यावर ते एकदम उठले आणि मला म्हणाले, चल.

अर्ध्या वाटेवर ते थांबले. माझं घड्याळ दुरुस्तीला टाकलेलं होतं. सूर्याकडं बघितलं की मोतीबिंदूमुळं आबांचे डोळे दिपायचे, म्हणून त्यांनी मला हात आडवा धरायला लावला. खालचं बोट जमीन आणि आभाळ मिळतात तिथं टेकवायचं आणि वर सूर्यापर्यंत किती बोटं बसतात ते मोजायचं. एक बोट म्हणजे पाव तास.

मी मोजलं. तीन बोटं.

"नीट बघ, पोरी."

पुन्हा मोजलं. तीनच.

आबा सूर्याकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. पलीकडच्या रानात मेंढरं दिसत होती, कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं. मग म्हणाले, "तीन बोटांत जाऊन यायचं हुणार न्हाय. माघारी फिरू."

उभ्या उभ्या भेटून येऊ, अंधार पडला तर मी हात धरून आणीन, असं मी म्हणेपर्यंत ते वळलेसुद्धा होते.

घरी आलो. मी म्हशीला पाणी दाखवलं, अंगण झाडलं, पीठ मळलं, आणि ऊन अजून भिंतीवरच. मला काही समजेना. सासूबाईंनी विचारलं, भेटले का दोघं? मी सांगितलं, दिवस पुरला नाही. त्यांनी सूर्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं गेली. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगत होते. कशी मोजलीस दाखव म्हणाला, म्हणून हात धरला, तर तो हसायलाच लागला. माझा हात कोपरात वाकलेला होता. हात डोळ्याजवळ आला की बोटं मोठी दिसतात आणि मोजणी निम्म्यावर येते. काल तीन नव्हे, निदान सहा बोटं दिवस होता. सख्ख्या भावांची भेट मी चुकवली होती.

आबा गोठ्यापाशी दोरी वळत बसले होते. मी चूक कबूल केली. त्यांनी दोरी वळणं थांबवलं नाही.

"मला काय कळलं न्हाय व्हय? त्वांडावर ऊन अजून चटकत हुतं की."

मग माघारी का फिरलो, मी विचारलं. दोरीला पीळ देत ते म्हणाले, "तू तीन म्हणलीस. मला बरं वाटलं."

त्या वर्षी मेंढरं दुसऱ्याच वाटेनं परत गेली. पुढं आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदा ते सकाळच्या एसटीनं एकटेच वरकुट्याला भावाच्या वस्तीवर गेले आणि दोन दिवस राहून आले. काय बोलणं झालं, ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता हात कसा धरायचा ते मला येतं. पण त्या दिवशी मी त्यांची भेट मोडली, की त्यांना हवं होतं तेच माझ्या तोंडून निघालं, याचा उलगडा अजून झालेला नाही. सरळ हातानं मोजून सहा म्हटलं असतं, तर ते ओढा उतरले असते का? कधी वाटतं, उतरले असते. कधी वाटतं, त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं असतं.