दोन रेघा पाणी

केशरआक्काने मला सलग नऊ महिने 'सायेब' म्हटलं. शाळेच्या शिपाईबाईने मास्तरला साहेब म्हणण्यात काय वाईट, असं तुम्हाला वाटेल. पण त्याआधीची अडीच वर्षं ती मला 'दत्तू' म्हणायची, अरे-तुरे करायची, तेही पोरांच्या देखत. आणि मला ते फार आवडायचं.

मी दत्तात्रय, कन्नड मुलखातल्या रामनगरचा. अठ्ठ्याऐंशी साली माझी बदली कुंभारवाड्यापासून दोन मैल आत, जंगलातल्या एका वाडीवर झाली. बस कुंभारवाड्यापर्यंत, पुढे पाय. मराठी शाळा, चार वर्ग, एकतीस पोरं, एक मास्तर आणि एक केशरआक्का. तिचा नवरा लखू जंगलखात्याच्या कामावर जायचा, तुकडाभर भातशेती होती, आणि शाळेला लागूनच घर. झाडलोट तिची, पाणी तिचं, घंटाही तिची. घंटा कधी वाजवायची हेही तीच ठरवायची, कारण माझं घड्याळ बंद पडलेलं असायचं आणि तिचं ऊन कधी बंद पडत नसे. पहिल्या दिवशी मला उपाशी बसलेला पाहून ती म्हणाली होती, "दत्तू, पेज हाय, खातंस काय?" माझं नाव तिला कुणी सांगितलं देव जाणे.

पुढच्या जूनमध्ये बेंगळूरच्या एका प्रयोगशाळेची जीप चिखलातून धापा टाकत आली. त्या लोकांना आमच्या भागातल्या अठरा शाळांमधून पाऊस मोजून हवा होता, आणि तो पोरांनीच मोजायला हवा होता. पोरांना विज्ञान असं कळतं, फळ्यावरून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून मला जरा राग आला, कारण मी फळ्यावरूनच शिकवत होतो. त्यांनी अंगणात एक नळकांडं पुरलं. त्यावर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या रेघांच्या ग्लासात ओतायचं, रेघ वाचायची, वहीत लिहायची. एक रेघ म्हणजे एक मिलिमीटर, ग्लासात वीस रेघा. पोरांनी त्याला 'पावसाचं माप' हे नाव ठेवलं.

शिवाय पोरांनी मनात येईल तो प्रश्न कार्डावर लिहून पाठवायचा आणि प्रयोगशाळेने उत्तर द्यायचं, असा करार होता. परशूने विचारलं, जळवेला माणूस कसा दिसतो? तीन आठवड्यांनी कन्नडमध्ये उत्तर आलं, की ती माणसाची ऊब आणि श्वास ओळखते. मी ते मराठीत वाचून दाखवल्यावर वर्गातली सगळी पोरं श्वास रोखून ओढ्याकडे गेली. जळवा लागायच्या त्या लागल्याच.

पहिला ग्लास आठ दिवसांत फुटला. माझ्या हातून. प्रयोगशाळेने दुसरा पाठवला आणि सोबत चिठ्ठी, की तिसरा मिळणार नाही. मग मी हुकूम काढला: ग्लासाला फक्त आक्का हात लावेल. तिच्या हातून कधी साधं मडकं फुटलं नव्हतं. आक्का ओतणार, पोरं पाळीपाळीने रेघ वाचणार, दुसरीतली तुळजा लिहिणार. सुट्टीच्या दिवशी आक्का एकटीच मापायची आणि कोळशाने भिंतीवर रेघा ओढून ठेवायची. सोमवारी तुळजा त्या वहीत उतरवायची. मी महिन्याच्या शेवटी सही करून नक्कल बेंगळूरला धाडायचो. सही करताना आकडे बघायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अशातला भाग नाही.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये पत्र आलं. प्रयोगशाळेतल्या हेगडेबाईंचं. आमच्या वहीत डिसेंबरपासून रोज दोन मिलिमीटर पाऊस होता. आदल्या वर्षीही तसंच. आधी त्यांना वाटलं, जंगलातलं दंव असेल; कुणी तरी त्या दंवावर टिपणही लिहायला घेतलं होतं. पण दंव असं रोज मोजून दोनच रेघा पडत नाही. मोठ्या साहेबांचं मत पडलं होतं, की आकडे घरी बसून भरलेले आहेत. वही बाद. एप्रिलात जीप येईल, माप परत द्यावं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अठरा शाळांत आमचीच खोटी! उचलली जीभ लावली टाळ्याला, भर वर्गात मी आक्काला विचारलं, "आक्का, बाटलीत तुम्ही पाणी घालता काय?"

ती दारात कळशी घेऊन उभी होती. "म्या? कशाला वो घालू?"

"वही भरलेली दिसावी म्हणून! पोरांना बरं वाटावं म्हणून!"

तिने कळशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "भाताच्या मापात खोटं केलं तर वरीसभर घरात बरकत ऱ्हात न्हाई, सायेब. म्या मापात खोटं करीन?"

तो पहिला 'सायेब'. तुळजा रडायला लागली, "गुरुजी, मी दिसलं तेच लिवलं," आणि मी तिच्यावरही खेकसलो. रोज आक्का स्वतः करून आणायची तो चहा त्या दिवशी परशूच्या हाती आला.

एक दिवस सकाळी साडेआठला अंगणात जाऊन ती कसं मापते ते बघावं, एवढं साधं शहाणपण मला सुचू नये? अक्कल चरायला गेली होती. आक्का मात्र रोज मापत राहिली. खोटी ठरलेली वही, महिनाभराने जाणारं माप, तरी साडेआठ म्हणजे साडेआठ. शाळेमागे माझी राहायची खोली होती; तिथं मला तिचा आवाज ऐकू यायचा आणि मी पांघरूण डोक्यावर ओढायचो.

एप्रिलात जीप आली. हेगडेबाई शिरसीकडच्या, तिशीच्या आतल्या, पायात रबरी चपला. त्यांनी माझी माफी-बिफी ऐकून घेण्याआधीच आक्का पुढे झाली. आमच्याकडे कन्नड सगळ्यांनाच येतं. तिने कन्नडमध्येच सांगितलं, न्यायचं तर न्या, पण मी कशी मापते ते आधी बघून जा.

पाऊस तर नव्हता. हेगडेबाईंनी जीपमधून स्वतःचा ग्लास आणला, कळशीतलं पाणी मापून बाटलीत घातलं आणि किती घातलं ते कुणाला सांगितलं नाही. आक्काने कपाटातून आपला ग्लास काढला, त्यावरची स्टीलची चकती बाजूला केली आणि ओतायला लागली. ग्लास विसाच्या रेघेपर्यंत भरला.

"लाभ," आक्का म्हणाली.

हेगडेबाई गोंधळल्या. त्यांना सांगावं लागलं, की खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, तीन. आक्काने ग्लास ओतून दिला, पुन्हा भरला. "दोन." पुन्हा ओतला, उरलेलं घातलं, आणि तुळजा वाकून बघत म्हणाली, "सात. दोन येळा ईस आनि सात. सत्तेचाळीस."

"मी एक्केचाळीस घातलं होतं," हेगडेबाई म्हणाल्या.

सगळ्यांदेखत पाणी सहा रेघांनी वाढलं होतं. आक्काचा चेहरा एवढासा झाला.

"परत करा," हेगडेबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्या ग्लासासमोर उकिडव्या बसल्या. लाभ झाला. आक्काने ग्लास कलता केला, पाणी जाऊ दिलं, आणि थोडं उरलं तेव्हा हात सरळ केला. बरोबर दोन रेघा.

"हे का ठेवलं?"

आक्का त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जशी मी बे एके बे न येणाऱ्या पोराकडे बघतो. "माप रितं करत न्हाईत, बाई. भाताच्या मापातबी मूठभर ठेवत्यात. पार रितं केलं की लक्ष्मी जाती."

मी कपाळावर हात मारला. ग्लासात रात्रंदिवस दोन रेघा पाणी, वर चकती. दुसऱ्या दिवशीचं पाणी त्याच्यावर. पाऊस नसेल त्या दिवशी नुसत्या त्या दोन रेघा. पोरांनी वाचल्या, तुळजाने लिहिल्या, मी सह्या ठोकल्या. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

हेगडेबाई पायरीवर वही घेऊन बसल्या. प्रत्येक ग्लासामागे दोन वजा. कोरडे दिवस पटापट शून्य झाले. जुलैचे मोठमोठे आकडे खाली आले आणि शेजारच्या दोन शाळांशी, सुप्याच्या धरणावरच्या आकड्यांशी त्यांचा मेळ बसायला लागला. दुपार झाली तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी वही मिटून मला म्हणाल्या, "मास्तर, हिनं एक दिवस जरी ग्लास रिकामा केला असता आणि एक दिवस नसता, तर ही वही खरंच फेकावी लागली असती. आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा कुणाचा हात दोन वर्षं इतका एकसारखा चालत नाही."

मग त्यांनी आक्काला समजावलं, की इथून पुढे ग्लास पूर्ण रिता करत जा. आक्काने मान हलवली. हो म्हणून नव्हे, नाही म्हणून. हेगडेबाईंनी थोडा विचार केला, वहीच्या पहिल्या पानावर कन्नडमध्ये एक ओळ लिहिली आणि जीप मापाशिवायच परत गेली. ती ओळ अशी होती: इथलं माप केशर घेते, प्रत्येक ग्लासामागे दोन वजा करावे.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "आक्का, माझं चुकलं."

"असूं दे, सायेब," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली. जखम बरी व्हायला औषध लागतं, आणि मी नुसतं तोंड घेऊन गेलो होतो.

डिसेंबरात प्रयोगशाळेने अठरा शाळांच्या पोरांना बेंगळूरला बोलावलं. तीन दिवस राहायचं, दुर्बिणीतून बघायचं, आपली वही सगळ्यांपुढे वाचायची. आमच्या शाळेतून तुळजा, परशू आणि एक मोठं माणूस. पत्रात मोठ्या माणसाचं नाव लिहून आलं होतं: केशर. मोठ्या साहेबांना ती दोन रेघांची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकायची होती.

आक्का साफ नाही म्हणाली. "पाच दिवस माप कोन घेनार?"

"मी घेईन," मी म्हणालो.

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. फुटलेला ग्लास तिला आठवला असणार. पण तुळजा पाया पडायची बाकी राहिली होती, आणि लखूनेही "जा गे" म्हटलं. जायच्या सकाळी तिने ग्लास माझ्या हातात दिला. काही सांगितलं नाही. लोंढ्याला जाऊन आगगाडी धरायची होती. ती आपलं गाठोडं घेऊन पोरांच्या मागून वळणाआड गेली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी अंगणात उभा राहिलो. रविवार होता, पोरं येणार नव्हती. आभाळ निरभ्र, बाटली कोरडी ठणठणीत. ग्लासात दोन रेघा पाणी. मी विज्ञानाचा मास्तर. ते ओतून, ग्लास पुसून, वहीत शून्य लिहिणं हेच बरोबर होतं, आणि तिथे बघणारं कुणी नव्हतं. मी ग्लास थोडा कलताही केला. मग माझ्या लक्षात आलं, की मला भीती वाटतेय, आणि ती ग्लास फुटण्याची नाही. मी तो दोन्ही हातांनी जपून कपाटात ठेवला, वर चकती झाकली आणि वहीत लिहिलं: दोन.

पाच दिवस तसंच लिहिलं.

सहाव्या दिवशी दुपारी ती आली. पोरं दुर्बिणीचं, विजेवर वर-खाली जाणाऱ्या पाळण्याचं सांगत अंगणभर नाचत होती. आक्काने गाठोडं पायरीवर टाकलं, पाणीही न पिता सरळ कपाटाकडे गेली. चकती उचलली. ग्लास उजेडाकडे धरून एक डोळा मिटून तिने रेघ बघितली. मी फळ्याकडे तोंड करून खडू शोधत असल्यासारखं केलं.

चकती परत ठेवल्याचा आवाज झाला.

"दत्तू," माझ्या पाठीमागून ती म्हणाली, "ह्या पाच दिसांत चा कोन करून देत हुतं रे तुला?"

कुणी नाही म्हणून मी मान हलवली, आणि ती चूल पेटवायला गेली.