वसंताने न नेलेली मुळी

वसंता गेल्याचा फोन फैजपूरहून आला तेव्हा मी धुळ्याला गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालत होते. भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, नाना गेले." मी हातातला बिबडा नीट पसरवला, त्याच्या कडा सारख्या केल्या आणि मग खाली बसले. धाकट्या भावाने आधी जायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार? लहानपणापासून त्याला प्रत्येक गोष्टीत घाई.

केळीतलं त्याला फार कळायचं, आणि आपल्याला कळतं हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. फिजीतल्या एका शेती कंपनीने बागा उभ्या करायला बोलावलं तेव्हा आईने काळजीने विचारलं, "तथी खाशील काय बापा?" तर म्हणाला, "केयी! दुसरं काय?" नोकरीचा करार संपला तरी पठ्ठ्या परतला नाही. समुद्रकाठच्या एका गावातल्या जोने नावाच्या माणसाशी त्याची दोस्ती झाली होती. दोघांनी वेफर्सचा धंदा काढला. केळी गावाची, कढई वसंताची, आणि राहायला तो जोनेच्याच घरी. फोनवर नुसता चिडचिडायचा. "अक्का, इथी तेल तापेल ऱ्हायते अन् केयीचा पत्ता नही. विचारलं त म्हनता, येतील." पण त्या गावावर त्याचा जीव होता. तिथल्या रीती मला तो कौतुकाने सांगायचा. गावात पाऊल टाकायचं तर यांगोना नावाच्या झुडपाची वाळलेली मुळी घेऊन जायचं, वडीलधाऱ्यांपुढे ठेवायची. काही चुकलं असलं तरीही तीच मुळी. ती समोर ठेवून मान खाली घातली की विषय संपला, असं तो सांगायचा.

जोनेच्या परसात केळीचं एक बेट होतं. जुने खांब, नवे खांब, बुडातून फुटलेली पिलंच पिलं, सगळं गचपण. आता आपल्याकडचा माणूस असलं बघून गप्प बसेल का? आमच्या बागेत एका झाडाला एक पील ठेवायचं, बाकीची काढून टाकायची, हे पोरंसोरंही जाणतात. एके सकाळी जोने मासे धरायला गेला होता. वसंताने कोयता घेतला आणि ते अख्खं बेट जमिनीसरसं करून टाकलं. उद्या जमिनीतला गड्डा, म्हणजे केळीचा कंद, खणून काढायचा, तिथे चांगल्या जातीचं रोप लावायचं, जोनेला खूश करायचं, असा बेत. जोनेची आई बाहेर आली, तिने पाहिलं आणि ती तिथेच मातीत बसली. त्या केळीखाली जोनेच्या मुलीची, लितियाची, नाळ पुरलेली होती. तिथे नाळेवर झाड लावतात, मूल आणि झाड बरोबरीने वाढतात. लितिया तेव्हा शाळेत जाणारी होती.

"मले कोनी काहीच बोललं नही, अक्का," वसंताने हे मला फार उशिरा सांगितलं. "शिव्या दिल्या असत्या त चाललं असतं." तो शहरात गेला, बाजारातून मुळीची जुडी घेतली, गावाच्या फाट्यापर्यंत आला... आणि पाय उचलेना. जुडी बॅगेत टाकून त्याने सरळ विमान गाठलं. इथे सगळ्यांना सांगितलं, वादळात धंदा बुडाला. लोकांनी हळहळून चहा पाजला.

जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेली असायची. यंदाची कटाई झाली की जाऊ. पोराचं लग्न उरकलं की जाऊ. मी म्हणायचे, अरे, निदान फोन तरी कर. तर म्हणायचा, फोनवर मुळी कशी ठेवू? शेतात पिलं काढायची वेळ आली की मजुरांना लावून हा दूर बांधावर जाऊन बसायचा. मला त्याचा राग यायचा. एवढा मोठा माणूस, एका उंबऱ्याला इतका भ्यायला.

भाच्याने नानांच्या मोबाइलमधल्या सगळ्यांना निरोप धाडला होता. तेराव्यानंतर दोन दिवसांनी जोनेचा फोन आला. त्याला मोडकीतोडकी हिंदी येते. मी अजून फैजपूरलाच होते, भाच्याने फोन माझ्याकडे दिला. तो आधी रडला. मग म्हणाला, आम्ही वाट पाहत होतो. आपण होऊन बोलावणं आमच्यात बसत नाही, ज्याचं चुकलं त्याने यायचं असतं. मी घाबरतच लितियाचं विचारलं. तो हसला. बेट तर त्याच महिन्यात पुन्हा फुटलं होतं म्हणे, पहिल्यापेक्षा दाट. लितियाचं लग्न झालं, त्यातलंच एक पील ती सासरी घेऊन गेली.

गड्डा जमिनीत असला की केळ पुन्हा फुटते. हे वसंताला कुणी सांगायचं? त्यानेच अख्ख्या तालुक्याला शिकवलं होतं!

जुडी मी धुळ्याला घेऊन आले. माझ्या कपाटात, लुगड्यांच्या खाली आहे. उघडलं की मातीचा, मिरीसारखा वास येतो. त्या दिवशी जोनेला मी विचारलं होतं, इतकी जुनी मुळी आता चालेल का रे? तो म्हणाला, "मुळी कितीही जुनी चालते, दीदी. घेऊन येणारा पाहिजे."